दुरुस्तीसाठी घडलेले वाद्य आणि मूळपणाची किंमत : वापरलेल्या बेस गिटारच्या बाजारपेठेचा ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १९५१ ते २०२५)

प्रस्तावना

वापराने वस्तूचे मोल घटते, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम आहे. सायकल, शिलाई यंत्र, रेडिओ, मोटार या वस्तू दुकानाबाहेर पडताच त्यांची किंमत उतरू लागते आणि काही वर्षांनी त्यांची जागा भंगारात असते. फारच थोड्या कारखानी वस्तू या नियमाला अपवाद ठरतात. विजेवर चालणारी बेस गिटार ही अशी एक वस्तू होय. चार जाड तारांच्या साहाय्याने खर्जातील स्वर देणारे हे वाद्य वाद्यवृंदाला लयीचा व स्वराचा पाया पुरवते. श्रोत्याचे लक्ष त्याकडे क्वचितच जाते. परंतु ते थांबले तर गाणे पोकळ वाटू लागते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन या गावी फेंडर कंपनीने १९५१ च्या अखेरीस 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. तिची छापील किंमत १९९.५० डॉलर होती. अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार ही रक्कम आजच्या सुमारे २,४०० डॉलरइतकी होते. प्रत्यक्षात मात्र त्या काळातील मूळ अवस्थेतील नगासाठी संग्राहक याच्या अनेक पट रक्कम मोजतात. दुसरीकडे त्याच वर्षी बनलेला, तितकाच चांगला वाजणारा, परंतु पुन्हा रंगवलेला किंवा सुटे भाग बदललेला नग निम्म्या किमतीतही उपलब्ध होतो. दोन्ही वाद्यांच्या आवाजात कानाला जाणवेल असा फरक असतोच असे नाही. मग ही तफावत कोठून येते आणि तिचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न आर्थिक इतिहासाच्या तसेच संस्कृतीच्या अभ्यासकासमोर उभा राहतो.

प्रस्तुत शोधनिबंधात वापरलेल्या बेस गिटारच्या खरेदी-विक्रीचा व मूल्यनिर्धारणाचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. विषयाची व्याप्ती मुख्यत्वे फेंडर कंपनीच्या वाद्यांपुरती मर्यादित ठेवली आहे. कारण या बाजारपेठेचे निकष प्रामुख्याने त्याच वाद्यांच्या आधारे घडले.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) बेस गिटारची रचना आणि तिच्या जुन्या नगांचे मूल्य यांतील संबंध तपासणे.
२) मूल्यनिर्धारणासाठी वापरल्या जाणाऱ्या पुराव्यांचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे.
३) या बाजारपेठेचा वादकावर झालेला परिणाम अभ्यासणे.

सदर अभ्यासासाठी द्वितीयक साधनांचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. कारखान्यात जन्मलेले वाद्य

बेस गिटार येण्यापूर्वी खर्जाचे काम डबल बेस हे माणसाहून उंच, उभे राहून वाजवावे लागणारे वाद्य करीत असे. त्याची ने-आण कठीण होती, आवाज ट्रम्पेट व ढोलांच्या गर्दीत बुडे आणि दांडीवर पडदे नसल्याने सुरावर पक्की पकड येण्यास दीर्घ रियाज लागे. या अडचणीवर उपाय शोधण्याचा प्रयत्न सिॲटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच केला होता. त्यांच्या 'ऑडिओव्हॉक्स ७३६' या विद्युत बेसला पडदे होते व ती आडवी धरून वाजवता येत असे. परंतु तिचा प्रसार झाला नाही.

लिओ फेंडर यांचे वैशिष्ट्य असे, की ते मुळात रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर होते. फुलर्टन येथे त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. वाद्यनिर्मितीकडे त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहिले. पारंपरिक गिटारची दांडी सरसाने कायमची चिकटवलेली असते. ती वाकली किंवा तुटली तर दुरुस्ती खर्चिक व वेळखाऊ ठरते. फेंडर यांनी मेपलची दांडी लाकडाच्या सलग बॉडीवर चार स्क्रूंनी बसवली. विजेचे भाग पिकगार्डच्या पत्र्याखाली किंवा सहज उघडता येईल अशा खाचेत ठेवले. एखादा भाग बिघडल्यास तो काढून दुसरा बसवावा व वादकाने संध्याकाळचा कार्यक्रम चुकवू नये, हा यामागचा सरळ हेतू होता. 'प्रिसिजन' हे नावही पडद्यांमुळे मिळणाऱ्या स्वराच्या अचूकपणावरून पडले. लायनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ वाद्यवृंदात मंक मॉन्टगोमेरी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ही बेस वाजवली आणि नव्या वाद्याकडे लोकांचे लक्ष वेधले.

१९५७ मध्ये प्रिसिजनला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला. १९६० मध्ये निमुळत्या दांडीची व दोन पिकअपची 'जॅझ बेस' २७९.५० डॉलरला विक्रीस आली. सुटे भाग, अदलाबदलीची सोय आणि जुळणीच्या साखळीतील कामगार या तिन्ही गोष्टी मोटार उद्योगाशी नाते सांगणाऱ्या होत्या. रंगांच्या बाबतीत तर हे नाते शब्दशः खरे होते. मोटारींसाठी ड्युपाँ कंपनी बनवत असलेले रंग ५ टक्के जादा आकारून गिटारवर दिले जात. तेव्हाच्या वादकाला हा खर्च अनाठायी वाटे व बहुतेक जण नेहमीचा पिवळट-तपकिरी सनबर्स्ट रंगच घेत. त्यामुळे फिएस्टा रेड किंवा लेक प्लॅसिड ब्लू या रंगांचे नग संख्येने कमी राहिले. आज त्याच ५ टक्क्यांच्या निर्णयावर मूळ किमतीच्या कितीतरी पट फरक अवलंबून असतो.

२. १९६५ चा व्यवहार आणि 'जुने ते चांगले' ही धारणा

जुन्या बेस गिटारच्या बाजारात काळाची एक सीमारेषा सर्वमान्य आहे. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. याच सीबीएसने १९६४ मध्ये न्यूयॉर्क यांकीज या विख्यात बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाख डॉलरला घेतला होता. गिटारच्या कारखान्यासाठी त्याहून अधिक रक्कम मोजली जाणे, ही त्या काळच्या तरुणांच्या संगीताला आलेल्या आर्थिक महत्त्वाची स्पष्ट खूण होय.

नव्या मालकांनी उत्पादन वाढवले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या जागी जाड पॉलियुरेथेनचा थर आला. १९७० च्या दशकाच्या मध्यास जॅझ बेसच्या दांडीचे चार स्क्रू तीनवर आले. जड लाकूड व जुळणीतील ढिलाई यांविषयी वादकांच्या तक्रारी वाढल्या. या तक्रारींतून 'सीबीएसपूर्व' हा शब्द रूढ झाला. आरंभी तो वादकाचा शब्द होता व त्याचा अर्थ 'नीट बनलेले' एवढाच होता. गहाणवटीच्या दुकानांत आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतून जुने नग थोडक्या पैशांत मिळत. नव्यापेक्षा जुने घ्यावे, हा व्यवहारी सल्ला होता. कॅनडातील 'रश' या त्रयीचे वादक गेडी ली यांनी आपली १९७२ ची जॅझ बेस मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथील गहाणवटीच्या दुकानातून सुमारे २०० डॉलरला घेतली होती. कालांतराने ती त्यांचे प्रमुख वाद्य झाली.

शब्दाचा अर्थ मात्र हळूहळू सरकला. जॉर्ज ग्रून यांनी १९७० मध्ये नॅशव्हिल येथे जुन्या वाद्यांचे दुकान सुरू केले. त्यांच्यासारख्या विक्रेत्यांनी वर्ष, मॉडेल व बदल यांच्या नोंदी शिस्तीने ठेवण्यास आरंभ केला. वॉल्टर कार्टर यांच्यासह त्यांनी तयार केलेले जुन्या गिटारींच्या ओळखीचे मार्गदर्शक पुस्तक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. दरांच्या वार्षिक पुस्तिका निघू लागल्या. माहितीचे असे संकलन झाल्यावर 'नीट बनलेले' या अर्थाची जागा 'अमुक वर्षी बनलेले व तेव्हापासून न बदललेले' या अर्थाने घेतली.

कंपनीनेही या धारणेवर आपल्या हाताने शिक्कामोर्तब केले. १९८२ मध्ये फेंडरने १९५७ व १९६२ च्या नमुन्यांवर आधारित बेस नव्याने काढल्या. त्याच वर्षी जपानमध्ये स्थापन झालेल्या शाखेनेही जुन्या नमुन्यांच्या प्रती बनवल्या. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या व्यवस्थापकांनी व गुंतवणूकदारांनी सीबीएसकडून कंपनी १ कोटी २५ लाख डॉलरला परत घेतली. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, 'रेलिक' या नावाने कारखान्यातच झिजवलेली, रंग खरवडलेली व धातू गंजवलेली नवी वाद्ये विक्रीस आली. ग्राहक नव्या वाद्यावरील खोट्या ओरखड्यांसाठी जास्त पैसे देऊ लागला. वय हे विक्रीयोग्य द्रव्य झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

३. मूल्यनिर्धारण : वाद्याचे दस्तऐवज म्हणून वाचन

जुनी बेस तपासणारा जाणकार तिला प्रथम वाजवत नाही. तो ती उघडतो. त्याची रीत पुराभिलेखागारातील संशोधकाच्या रीतीशी मिळतीजुळती आहे.

पहिला पुरावा अनुक्रमांकाचा. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत तो दांडीच्या मागील धातूच्या चौकोनी पट्टीवर उमटवलेला असे. पट्ट्या पेटीतून हाताला येतील तशा बसवल्या जात. परिणामी अनुक्रमांक वर्षांची ढोबळ कक्षा सांगतो, नेमकी तारीख सांगत नाही. शिवाय चार स्क्रू काढले की पट्टी दुसऱ्या वाद्यावर जाते.

दुसरा पुरावा दांडीच्या टोकाचा. दांडी बॉडीपासून वेगळी केल्यावर तिच्या बुडावर तारीख आढळते. आरंभी ती पेन्सिलीने लिहिली जाई. १९६२ पासून शाईचा शिक्का आला. या शिक्क्यातील आरंभीचा अंक मॉडेलचा असतो : ५ म्हणजे प्रिसिजन, ७ म्हणजे जॅझ बेस. त्यानंतर महिना व वर्ष आणि शेवटी दांडीची रुंदी सांगणारे अक्षर येते. ही तारीख दांडी तयार झाल्याची असते, वाद्य जुळवल्याची नव्हे. दोन्हींत काही महिन्यांचे अंतर असणे स्वाभाविक आहे.

तिसरा पुरावा विजेच्या भागांचा. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या पाठीवर एक संकेतांक कोरलेला असतो. ३०४ हा आकडा स्टॅकपोल या उत्पादकाचा, १३७ हा सीटीएसचा; त्यापुढील आकडे वर्ष व आठवडा दर्शवितात. '३०४ ६२१५' याचा अर्थ स्टॅकपोल कंपनीने १९६२ च्या पंधराव्या आठवड्यात बनवलेला भाग. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला नियम लागू होतो. नाण्यावरील वर्ष ज्याप्रमाणे ते नाणे ज्या थरात सापडले तो थर त्या वर्षाआधीचा नाही एवढेच सिद्ध करते, त्याचप्रमाणे हा संकेतांक वाद्याच्या वयाची केवळ एकच बाजू बांधून देतो. फेंडरने १९६६ मध्ये असे भाग मोठ्या संख्येने खरेदी केले व ते पुढील अनेक वर्षे वापरले. म्हणून १९६६ चा संकेतांक असलेली बेस १९६९ ची असू शकते.

चौथा पुरावा रंगाचा. अतिनील प्रकाशात जुने लॅकर वेगळ्या छटेने उजळते. नंतर मारलेला थर किंवा डागडुजी त्यात उघडी पडते. जुना पांढरा रंग लॅकर पिवळे पडल्याने साईसारखा दिसतो, निळा हिरवट होतो. पाचवा पुरावा डाखकामाचा. तारांचे सांधे एकदाही वितळवले गेले नसतील, तर वाद्य 'न उघडलेले' समजून त्याची किंमत चढते.

कोणताही एक पुरावा स्वतंत्रपणे निर्णायक नाही, सर्वांची एकवाक्यता पाहावी लागते, हे येथे अधोरेखित करणे आवश्यक आहे. मात्र या पाचही पुराव्यांपैकी एकाचाही थेट संबंध वाद्याच्या आवाजाशी नाही. वाजवणारा ग्राहक निराळ्या गोष्टी तपासतो : दांडी सरळ आहे की पिळलेली, तिच्या पोटातील पोलादी सळई फिरते की जाम झाली आहे, पडद्यांचे धातू किती झिजले, कोणत्या जागेवर स्वर लवकर विझतो, वजन खांद्याला तीन तास झेपेल काय. या गोष्टी दुरुस्त करण्याने वाद्य सुधारते. पडदे बदलणे, खुंट्या बदलणे, घोडी बदलणे ही कामे वादकाच्या दृष्टीने देखभाल आहेत. संग्राहकाच्या दृष्टीने तीच वजावट आहे. मूळ रंग काढून पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत सुमारे निम्मी होते, असा व्यापारातील ठोकताळा आहे.

४. व्हायोलिनशी तुलना

मूळपणाचा हा आग्रह सर्व जुन्या वाद्यांना लागू असता, तर तो वाद्यसंग्रहाचा नैसर्गिक नियम मानता आला असता. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. इटलीतील क्रेमोना येथील अँटोनियो स्ट्रॅडिव्हेरी यांनी सतराव्या व अठराव्या शतकांत बनवलेल्या व्हायोलिनींपैकी जवळजवळ सर्वांच्या माना नंतरच्या काळात बदलल्या गेल्या. मोठ्या सभागृहांना पुरेल असा आवाज मिळावा म्हणून आतील आधारपट्ट्याही नव्या बसवल्या गेल्या. तरीही ही वाद्ये जगातील सर्वांत मौल्यवान वाद्यांत मोडतात. महाराष्ट्रातील वाचकाला मिरजेच्या तंबोऱ्याचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. जवारी पुन्हा पुन्हा लावणे हा त्या वाद्याच्या आयुष्याचाच भाग असून त्यामुळे जुना तंबोरा बाटला, असे कोणी म्हणत नाही.

या फरकाचे कारण निर्मितीच्या पद्धतीत शोधावे लागते. कारागिराने घडवलेल्या वाद्याची ओळख त्याच्या एकमेव घडणीत असते. एक भाग बदलला तरी ती ओळख पुसली जात नाही. कारखान्यातील बेस मात्र अदलाबदल करता येणाऱ्या भागांची बेरीज आहे. १९६४ ची दांडी १९७२ च्या बॉडीवर कोणतीही करामत न करता बसते. दोन सामान्य वाद्यांचे भाग जुळवून एक 'दुर्मीळ' वाद्य तयार करणे सोपे असल्याने लबाडीचा धोका मोठा असतो आणि त्या धोक्यावरील उतारा म्हणून मूळपणाला किंमत येते. लिओ फेंडर यांनी वादकाच्या सोयीसाठी जी रचना केली, तिनेच दुरुस्तीला बाजारात दोष ठरवले, हा या इतिहासातील मध्यवर्ती विरोधाभास होय.

५. वादकाचा हात : दोष की मोल?

हा विरोधाभास तीन वादकांच्या वाद्यांच्या आधारे अधिक स्पष्ट होतो.

डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या १९६० च्या दशकातील असंख्य ध्वनिमुद्रणांत खर्ज देणारे जेम्स जेमरसन यांचे प्रमुख वाद्य १९६२ ची प्रिसिजन बेस होते. ते तारा क्वचितच बदलत. तारांवर साचलेल्या मळाने आवाज गोल होतो, असे ते मानत. त्यांच्या वादनामुळे १९६० च्या दशकातील प्रिसिजनचा आवाज हा एक मानदंड ठरला व त्या वर्षांच्या सर्वच नगांचे मूल्य वाढले. मात्र मोटाऊनच्या तबकड्यांवर वादकांची नावे दीर्घकाळ छापलीच जात नसत. ऑगस्ट १९८३ मध्ये जेमरसन यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी त्यांची बेस चोरीस गेली.

जॅको पॅस्टोरियस यांची १९६२ ची जॅझ बेस हे दुसरे उदाहरण. तिचे पडदे काढून फटी भरण्यात आल्या आणि फिंगरबोर्डवर बोटींसाठी वापरल्या जाणाऱ्या इपॉक्सीचा थर चढवण्यात आला. दरपुस्तिकेच्या निकषानुसार हे वाद्याचे मोठे नुकसान ठरावे. परंतु १९७६ मध्ये आलेला त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम व 'वेदर रिपोर्ट' या समूहातील त्यांचे वादन यांमुळे बिनपडद्याच्या बेसचा एक नवा संप्रदायच सुरू झाला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून ती चोरीस गेली. १९८७ मध्ये पॅस्टोरियस वारले. सुमारे वीस वर्षांनी ती पुन्हा उजेडात आली, तेव्हा तिच्या मालकीवरून वाद झाला. अखेर २०१० मध्ये 'मेटॅलिका'चे बेसवादक रॉबर्ट ट्रुहिलो यांच्या आर्थिक साहाय्याने तो मिटला. चोरीच्या वस्तूवर नंतरच्या ताबेदाराचा हक्क किती, हा प्रश्न या निमित्ताने ठळकपणे पुढे आला.

तिसरे उदाहरण मार्कस मिलर यांचे. त्यांच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडॉव्स्की यांनी स्वर वाढवणारे विद्युत मंडल बसवले. ही बेस सीबीएस काळातील, म्हणजे व्यापाराच्या दृष्टीने 'उतरत्या' वर्षांतील. मिलर यांच्या अंगठ्याने तार ठोकण्याच्या शैलीला तिचा लखलखीत आवाज शोभून दिसला व त्या आवाजाच्या ओढीने १९७० च्या दशकातील जॅझ बेसकडे वादकांनी नव्याने पाहिले. १९९८ मध्ये फेंडरने मिलर व गेडी ली या दोघांच्याही नावाने खास मॉडेले काढली.

तिन्ही उदाहरणांतून एकच सूत्र हाती लागते. अनामिक वादकाने केलेला बदल हा दोष ठरतो, ख्यातनाम वादकाने केलेला बदल हे मोल ठरते. वास्तविक प्रसिद्धी मिळेपर्यंत जेमरसन व पॅस्टोरियस हेही अनामिकच होते. वाद्य बदलण्याच्या ज्या मोकळिकीतून नवे संगीत जन्मले, त्या मोकळिकीला आजचा बाजार दंड करतो. दहा हजार डॉलरच्या बेसवरील पडदे उपटण्याचे धाडस कोणता तरुण वादक करील?

ब्रिटनमधील एका वाद्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस सुमारे ३० पौंडांना घेतली. फेंडर त्यांना परवडणारी नव्हती. शिवाय दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्याने डावखुऱ्या वादकाला ती विचित्र दिसत नसे. १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात गाडीतून ती चोरीस गेली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या शोधमोहिमेनंतर ती सापडली व फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मूळ मालकाकडे परतल्याचे जाहीर झाले. तिच्या संभाव्य मूल्याबाबत वृत्तपत्रांतून १ कोटी पौंडांचा आकडा छापून आला. ज्या वाद्याची निवडच स्वस्त म्हणून झाली, त्याचे हे मूल्य वादकाच्या श्रमातून निर्माण झाले, लाकडातून नव्हे.

६. शिसवी लाकूड, आयातबंदी आणि मुंबई

या बाजारपेठेचा भारताशी संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट लाकडाची. फेंडरने १९५९ पासून बेसच्या दांडीवर शिसवीचा फिंगरबोर्ड बसवला. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो सर्वसाधारणपणे ब्राझीलच्या शिसवीचा असल्याचे मानले जाते. त्यानंतर भारतीय शिसवीचा वापर वाढला. ब्राझीलच्या शिसवीला १९९२ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले व तिचा व्यापार जवळपास बंद झाला. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या अन्य जातीही दुसऱ्या परिशिष्टात आल्या. त्यामुळे साधी बेस सीमेपलीकडे विकतानाही कागदपत्रे लागू लागली. वाद्य उत्पादक व वादक यांच्या मागणीनंतर नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला ती लागू नाही. परिणामी १९६२ ची बेस देशाबाहेर विकताना लाकडाची जातही सिद्ध करावी लागते.

दुसरी वाट वादकांची. मुंबईच्या धोबी तलाव परिसरात गोमंतकीय वादकांची वस्ती, त्यांचे 'कूड' आणि वाद्यांची दुकाने एकमेकांना लागून होती. १८६५ मध्ये स्थापन झालेले फुर्टाडोज हे दुकान याच भागातील. हिंदी चित्रपटसंगीतात गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ हे त्यातील एक नाव. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर दीर्घकाळ कडक परवाना पद्धत होती व उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. कोलकात्यात गिव्हसनसारख्या देशी गिटारी बनत. परदेशी बनावटीचे वाद्य मात्र सहजासहजी मिळत नसे. अशा टंचाईच्या बाजारात मूळपणाच्या निकषाला फारसा अर्थ उरत नाही. मिळेल तो भाग बसवून वाद्य चालू ठेवणे, यातच त्याचे मोल सामावलेले असते. लिओ फेंडर यांना अभिप्रेत असलेला वापर हाच होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

७. बाजाराचे बदलते ठिकाण

१९९५ मध्ये सुरू झालेल्या ई-बे या लिलावस्थळामुळे गावोगावच्या गहाणवटीच्या दुकानदारालाही आपल्याकडील जुन्या बेसचा दर कळू लागला. स्वस्तात सापडणारे घबाड दुर्मीळ झाले. २००० च्या दशकात जुन्या गिटारींकडे गुंतवणूक म्हणून पाहिले जाऊ लागले, दर झपाट्याने चढले आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतर ते घसरले. २०१३ मध्ये शिकागो येथे केवळ वाद्यांसाठीचे 'रिव्हर्ब' हे विक्रीस्थळ सुरू झाले. तेथे मागितलेल्या दरासोबत प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचे दरही पाहता येऊ लागल्याने विक्रेत्याची मक्तेदारी सैल झाली. २०१९ मध्ये एट्सी कंपनीने ते २७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतले. २०२५ मध्ये ते पुन्हा विकले गेले व नव्या मालकांमध्ये फेंडरचा बहुसंख्य हिस्सा बाळगणाऱ्या सर्व्हको या कंपनीचा समावेश आहे. नव्या वाद्याच्या उत्पादनातील व जुन्या वाद्याच्या बाजारातील हितसंबंध अशा प्रकारे एकाच छत्राखाली आले. या घडामोडीचे परिणाम पुढील अभ्यासाचा विषय ठरावेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) बेस गिटारची रचना दुरुस्ती व भागांची अदलाबदल यांसाठी झाली होती. याच सुलभतेमुळे लबाडीची शक्यता वाढली व बाजाराने 'न दुरुस्त झालेल्या' वाद्याला सर्वाधिक मूल्य दिले.

२) मूल्यनिर्धारणाची पद्धत ही साधनचिकित्सेची पद्धत आहे. तिने वाद्यांचा काटेकोर कालक्रम उपलब्ध करून दिला, हे तिचे योगदान मान्य करावे लागते. तथापि ती वाद्याला दस्तऐवज मानते. वाद्य म्हणून त्याची गुणवत्ता तिच्या कक्षेबाहेर राहते.

३) जुन्या बेसचे मूल्य वादकांच्या सर्जनशीलतेतून निर्माण झाले, त्याचा आर्थिक लाभ मात्र प्रामुख्याने विक्रेता व संग्राहक यांना झाला. ज्या वर्गातील वादकांनी ही वाद्ये नावारूपाला आणली, त्याच वर्गातील आजच्या वादकाला ती परवडत नाहीत.

४) वापरलेली बेस घेणाऱ्या वादकाच्या दृष्टीने पुन्हा रंगवलेले, पडदे बदललेले, दुरुस्त झालेले वाद्य हीच सर्वांत फायद्याची खरेदी ठरते. संग्राहकाने केलेली वजावट ही वादकाची बचत आहे. बाजाराच्या निकषांतील दोषच येथे वादकाच्या उपयोगी पडतो.

५) संग्रहालयांनी व अभ्यासकांनी वाद्यावरील झीज, डाख व बदल यांची नोंद 'दोष' या सदराखाली न करता वापराचा पुरावा म्हणून करणे इष्ट ठरेल. घासलेला रंग व बदललेले पडदे हे वाद्य कोणी, किती व कसे वाजवले याची साक्ष देतात. पेटीत बंद राहिलेल्या निर्दोष वाद्याकडे अशी साक्ष नसते.